वहिनी, सही करण्याआधी

पुणे, ४ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

वर्ष होईपर्यंत घरात नवं काही सुरू करायचं नाही, असं परवा फोनवर म्हणालीस. सणवार नकोत, हे मलाही मान्य आहे. दिवाळीला आपल्या कोणाच्याच दारात आकाशकंदील लागला नाही, ते योग्यच झालं. पण पैशाच्या कामाला सुतक लागत नाही. दादाला जाऊन चार महिने उलटून गेले आणि त्याच्या कपाटातली ती हिरवी फाइल अजून तशीच आहे. नवं वर्ष लागलंय. या महिन्यात ती फाइल उघड, आणि तुझ्या हातांनी उघड. फोनवर आधी तुला रडू येतं, मग मला येतं, आणि कामाचं बोलणं राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते, कारण ती नणंदेनंच लिहायला हवी. दादानं स्वतः कमावलेलं जे काही आहे, त्यात माझा वाटा नाही. धाकट्या भावाचाही नाही. मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं तू, दोन्ही मुलं आणि आई असे चौघं समान वाटेकरी आहात. गावच्या जमिनीचं वेगळं आहे, ते पुढे लिहिते. तेव्हा 'वहिनी, इथं फक्त एक सही करा' असं म्हणत कोणीही कागद पुढे केला, अगदी मी जरी केला, तरी लगेच सही करू नकोस. 'कागद ठेवून जा, वाचून सांगते' एवढंच म्हण. माणसं नाराज होतील. होऊ देत. हक्कसोडपत्रावर दुःखाच्या भरात केलेल्या सह्या मी बघितल्या आहेत. त्या मागे घ्यायला पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आईच्या वाट्याबद्दल तुला संकोच वाटतो, हे मला कळतं. तिचा हक्क तिचा आहे आणि तिला तो सोडायचा असेल तर ती सावकाश, समजून सोडेल. मात्र तिच्या औषधपाण्याचा खर्च आणि तिची सही या दोन गोष्टी एकमेकींत कोणी गुंतवू नयेत. औषधपाणी मी आणि धाकटा बघतो. सहीचं तिच्यावर सोड.

आता फाइल. वरच पीएफचे कागद असतील. दादा नोकरीत असताना गेला, म्हणून तिथं एक नाही, तीन रकमा तुझी वाट बघतायत. एक त्याचा साठलेला पीएफ. दुसरी ईडीएलआय म्हणजे विम्याची. हा विमा १९७६ पासून आहे, त्याचा हप्ता कंपनी भरते, पगारातून काही कापलं जात नाही, त्यामुळे घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. पंधरा हजारांवर पगार आणि इतक्या वर्षांची पीएफची शिल्लक, म्हणजे दादाच्या बाबतीत ही रक्कम पूर्ण सात लाखांची व्हायला हवी. तिसरी तुझी पेन्शन, आणि तिच्या जोडीला मुलांची, प्रत्येकाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. ही पेन्शन काही हजारच असेल, तिच्यावर घर चालणार नाही. पण ती तहहयात आहे आणि तिचा अर्ज आपण केल्याशिवाय ती सुरू होत नाही. तिन्हींसाठी आता एकच अर्ज असतो. ग्रॅच्युइटी कंपनीकडून वेगळी मागायची. पाच वर्षं नोकरीची अट मृत्यूच्या बाबतीत लागतच नाही, दादाची तर कितीतरी जास्त झाली होती. एचआरमधल्या माणसाला फोन न करता ईमेल कर, म्हणजे तारीख राहते.

त्यानंतर पासबुक घे. हे काम शांतपणे, चष्मा लावून करायचं. गेली दोन-तीन वर्षं ओळीनं बघ आणि दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात थांब. तिथं ४३६ रुपये खात्यातून गेलेले दिसतात का? ही पंतप्रधान जीवनज्योती विम्याची वर्गणी. २०१५ मध्ये योजना आली तेव्हा ३३० होती, जून २०२२ पासून ४३६ झाली. त्या काळात बँकांनी काउंटरवर फॉर्म भरून घेतले, लोकांनी सही केली आणि विसरून गेले. पन्नाशीच्या आत नाव घातलेलं असेल तर पंचावन्नपर्यंत विमा चालू राहतो, आणि दादा त्रेपन्नचा होता. ती एक ओळ असेल तर दोन लाख रुपये तुझे आहेत. वीस रुपयांची दुसरी ओळ दिसली तर तो अपघात विमा, तो आपल्याला लागू नाही. दावा लवकर करायचा असतो, चार महिने झालेत, तरी 'उशीर झाला' असं स्वतःच ठरवून गप्प बसू नकोस. बँकेत जाऊन लेखी अर्ज दे. नाही म्हणायचं असेल तर त्यांना लेखी म्हणू दे.

त्याच पासबुकात इतर ओळीही सापडतील. एलआयसीचा हप्ता, कुठली तरी एसआयपी, लॉकरचं भाडं. प्रत्येक ओळ म्हणजे एक धागा आहे, तो धरून मागे जायचं. घराच्या कर्जाचा हप्ता तर तुझ्या डोळ्यांसमोर दर महिन्याला जातोय. कर्ज देताना बऱ्याचदा कर्जाचाही विमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो. मंजुरीच्या पत्रात बघ. तसा विमा असेल तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते, आणि तू चार महिने उगाच हप्ते भरतेयस.

दादाचा मोबाइल नंबर बंद करू नकोस. त्याचा रिचार्ज चालू ठेव. नव्वद दिवस वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. हप्त्यांची स्मरणपत्रं, लाभांशाचे मेसेज, मुदत ठेव संपल्याचं कळवणं, सगळं त्याच फोनवर येतं. जुने मेसेज मागे मागे जात वाच. त्यात त्याचं माझ्याशी झालेलं बोलणंही असेल, तुझ्याशीही. ते वाचून थांबावंसं वाटेल, तर त्या दिवशी थांब. पण त्याच्या एटीएम कार्डानं किंवा फोनवरून पैसे मात्र काढू नकोस. पिन तुला माहीत आहे, पैसे तुमचेच आहेत, तरीही नको. खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डानं काढलेला प्रत्येक रुपया उद्या कोणीतरी मोजू शकतो. मृत्यूचा दाखला आणि केवायसीचे कागद देऊन रीतसर दावा कर. खात्याला नॉमिनी असेल तर कागद पूर्ण दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेनं निकाल द्यायला हवा.

नॉमिनीवरून धाकट्याशी तुझं वाजलं, असं ऐकलं. मुदत ठेवींवर लग्नाआधीपासून नॉमिनी म्हणून त्याचं नाव राहिलंय, म्हणून तू हबकलीस. हबकू नकोस. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा माणूस, तो मालक नव्हे. सुप्रीम कोर्टानं विम्याच्या पैशांबाबत हे १९८० च्या दशकात सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत पुन्हा सांगितलं. विम्यात २०१५ पासून एक फरक आहे: नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. धाकट्याशी मी बोलले आहे. तो पैसे घेऊन सरळ तुमच्या खात्यांत वळते करणार आहे, तसं त्यानं लिहूनही दिलंय. मनात किल्मिष ठेवू नकोस, तोही तुझ्याइतकाच मोडून गेलाय.

फ्लॅटबाबत सोसायटीला लवकर कळव. वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सभासद करते. गावच्या जमिनीत बाबांच्या मागे आम्हा सगळ्यांची नावं आहेत, माझंही आहे. दादाच्या जागी तुझं, मुलांचं आणि आईचं नाव लागण्यासाठी तलाठ्याकडे वारस नोंद करायची. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण सिन्नरला सगळे तलाठीच म्हणतात. कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, ती टळली. म्हणून आणखी टाळायचं नाही. फेरफार झाल्यावर सातबारा स्वतः काढून वाच.

आणि आता दारात येणारी माणसं. पैसे खात्यात पडले की ती येतील, प्रेमानं येतील. बँकेतला हसरा मुलगा पाच वर्षं हप्ते भरायची पॉलिसी 'एफडीसारखीच' म्हणून दाखवेल. कोणी प्लॉट सांगेल. कोणी पतसंस्थेत दीड टक्का जास्त मिळतो म्हणेल. वहिनी, बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एक लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेच्या बंद शटरपुढे उभी राहिलेली म्हातारी माणसं तू पाहिली आहेस. तो दीड टक्का नको. चुकून एखादी पॉलिसी गळ्यात पडलीच तर कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हेही लक्षात असू दे.

माझं मत विचारशील तर पहिलं वर्षभर काहीच धाडस करू नकोस. तुझ्या वाट्याला जे येईल ते तुझ्या एकटीच्या नावावर, दोन बँकांत वाटून, एक वर्षाच्या ठेवीत ठेव. महागाईनं थोडं झिजेल, झिजू दे. या वर्षी जास्त मिळवणं तुझं काम नाही, आहे ते राखणं आहे. दरमहा हातात पैसे हवेत म्हणून काही भाग पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत टाक. एका नावावर नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये येतात. तुझी आणि मुलांची पेन्शन, हे, आणि थोरलीच्या नोकरीतून ती देते ते, अशी बेरीज वहीच्या एका पानावर मांड; समोरच्या पानावर खर्च. तुला जमत नाही असं सांगू नकोस. कॉलनीतल्या भिशीचा हिशेब इतकी वर्षं तूच ठेवतेस आणि त्यात एका रुपयाची चूक कोणी काढलेली नाही. दादाला ते कौतुक होतं, त्यानं मला कितीदा सांगितलंय. फक्त आकडे मोठे झालेत, हिशेब तोच आहे.

एक गोष्ट मात्र वर्षभर थांबू शकत नाही. कंपनीचा मेडिक्लेम दादाबरोबर संपला. आत्ता तुमच्यापैकी कोणी दवाखान्यात गेलं तर सगळं खिशातून. तुझी आणि मुलांची पॉलिसी याच महिन्यात काढ. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा हप्ता हलका. फॉर्ममध्ये बीपीची गोळी लिही, एजंट 'राहू द्या हो' म्हणाला तरी लिही. लपवलेल्या आजारावरूनच दावे नाकारले जातात.

दादानं एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मिळवलेल्या पगाराचं विवरणपत्रही जुलैच्या आत भरायचंय, वारस म्हणून तुला आधी पोर्टलवर नोंद करावी लागेल. आपल्या सीएकडे मी शब्द टाकून ठेवलाय.

तुझ्या नव्या खात्यांना नॉमिनी नेमायला विसरू नकोस. १ नोव्हेंबरपासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. दोन्ही मुलांची नावं घाल. आणि बँकेत जाताना थोरलीला बरोबर ने. बाबानं कुठं काय ठेवलं होतं, आई कुठं ठेवतेय, हे तिला चोविसाव्या वर्षीच कळू दे.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं निघते, शनिवार-रविवार तुझ्याकडे आहे. तोवर महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेव, प्रत्येक ठिकाणी एक लागते. तुझे आणि मुलांचे पासपोर्ट फोटो, आधार, पॅन, तुझ्या एकटीच्या खात्याचा रद्द केलेला चेक, लग्नाचा दाखला. लग्नाचा दाखला सापडला नाही तर घाबरू नकोस, नोंदणी कुठं झाली ते बाबांच्या डायरीत लिहिलेलं आहे, ती माझ्याकडे आहे, घेऊन येते. आईलाही विचारते, यायचं म्हणाली तर तिलाही आणते.

तुझी,
नणंद