माथेरान उतरताना

पनवेल परिसरात राहणाऱ्यांना माथेरान रोज दिसते. हिवाळ्यात सकाळचे धुके विरले की पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या मागे माथेरानचे लांबच लांब पठार उठून दिसते. खांदेश्वरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरूनही दिसते. अंतर इतके थोडे, की तिथे गेल्यावर नमाज कसर करण्याचा प्रश्नही येत नाही. म्हणजे फिकहच्या हिशेबाने हा सफरच नव्हे! तरीही नाताळच्या सुट्टीत तिथे तीन दिवस राहून निघायची वेळ आली, तेव्हा आमच्यापैकी एकाचाही पाय निघेना. मुलांचे समजू शकते. पण सर्वांत जास्त रेंगाळत होत्या त्या आमच्या अम्मी. वय 74, दोन्ही गुडघे दुखणारे.

1850 मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधले, असे पुस्तकांत लिहिलेले असते. डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतेच. साहेबाने पाहिले तेव्हा त्याची नोंद झाली, इतकेच. उंची सुमारे 800 मीटर. थंडी म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ शाल लागावी इतपत. बर्फ नाही, देवदार नाहीत. इथले खरे वैभव वेगळेच आहे: दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला बंदी. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. मोटारबंदीची परंपरा त्याहून जुनी. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच किलोमीटरच्या आसपास. तांबड्या मातीतून चालत जा, घोड्यावर जा, नाही तर अमन लॉज स्टेशनातून छोटी गाडी पकडा.

आणखी एक साधन होते, माणसाने ओढायची हातरिक्षा. एक जण पुढे ओढायचा, चढावर दोघे मागून लोटायचे. बारा वर्षांपूर्वी अब्बा हयात असताना आम्ही सगळे इथे आलो होतो. अम्मींचे गुडघे तेव्हाही दुखत होते म्हणून अब्बांनी हातरिक्षा ठरवली. अम्मी तिच्याजवळ गेल्या, ओढणाऱ्या माणसाच्या पायांकडे पाहिले आणि मागे फिरल्या. "माझे गुडघे दुखतात, त्याचे दुखत नसतील का?" एवढेच म्हणाल्या. ठरलेले पैसे त्याला दिले आणि दर शंभर पावलांवर बसत, दम खात त्या बाजारापर्यंत चालत गेल्या.

गेल्या वर्षी 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून तिच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. ई-रिक्षांचा प्रयोग 2022 च्या डिसेंबरमध्येच सुरू झाला होता. या वेळी अम्मी दस्तुरीहून ई-रिक्षातच बसल्या. चालक पन्नाशीचे असतील. पूर्वी काय करायचे, असे अम्मींनी विचारले, तर म्हणाले, "हीच रिक्षा, फक्त तेव्हा इंजिन आम्हीच होतो." अम्मी खूप हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. बारा वर्षांपूर्वीचा तो माणूस त्यांना आठवला असणार. कदाचित अब्बाही.

अब्बांच्या इंतकालनंतर दोन वर्षे अम्मी आमच्या इमारतीतून फारशा खाली उतरल्या नव्हत्या. दवाखाना आणि ईदच्या दिवशी नातेवाइकांची घरे, बस्स. आम्ही त्याला गुडघेदुखी म्हणत होतो. माथेरानला दुसऱ्या दिवशी फजरनंतर पाहतो तो अम्मी खोलीत नाहीत. घाबरून बाहेर आलो, तर त्या काठी टेकत बाजाराकडून परत येत होत्या. हातात चिक्कीचा पुडा, चपला तांबड्या मातीने माखलेल्या. "मागून काही येत नाही ना इथे," म्हणाल्या, "म्हणून भीती वाटत नाही."

त्या संध्याकाळी आम्ही पॉर्क्युपाइन पॉइंटला गेलो. सूर्यास्तासाठी लोक तिथेच जमतात. अम्मींच्या चालीने निघालो म्हणून तासभर आधीच निघावे लागले. त्या बसल्या की आम्ही बसायचो. एरवी मोबाइलमधून डोके वर न काढणारा मुलगा दादींना जांभ्या दगडाचे थर दाखवत होता, मुलगी माकडांपासून खाऊची पिशवी सांभाळत होती. समोर प्रबळगडाची काळी आकृती आणि तिच्या पलीकडे, पार क्षितिजापर्यंत, आमचे शहर. तिकडेच आमचा नवा विमानतळ. त्यासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंच टेकडी फोडून जमीन सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला, गावे हलवली. डिसेंबरच्या 25 तारखेला तिथून विमाने उडूही लागली. विमानतळ नको, असे आम्ही म्हणणार नाही. आमची मुले उद्या त्यातूनच जातील. पण एक डोंगर जपून ठेवलेला आणि दुसरा सपाट केलेला, दोन्ही एकाच जागेवरून डोळ्यांपुढे आले की माणूस थोडा गप्प होतो.

परतताना आम्ही मुद्दाम छोट्या गाडीने नेरळला उतरलो. ही रेल्वे सर आदमजी पीरभाई या दानशूर बोहरी व्यापाऱ्याच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून उभी राहिली. 1904 मध्ये काम सुरू झाले, 1907 मध्ये गाडी धावली. खर्च 16 लाख रुपये. दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे 21 किलोमीटरची वाट, अन् ती उतरायला दोन तासांहून अधिक वेळ. वॉटर पाईप, जुम्मापट्टी अशी नावाची गोड स्टेशने. 2005 च्या महापुरात हा मार्ग वाहून गेला, 2019 च्या पावसात पुन्हा मोडला आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. घाई असलेल्याने या गाडीत बसूच नये. आम्हाला घाई नव्हती. उलट प्रत्येक वळणावर डोंगर पुन्हा समोर येई आणि मुले म्हणत, "अजून गेला नाही!"

नेरळ मात्र डोंगराच्या पूर्वेला आणि आमचे घर पश्चिमेला. त्यामुळे लोकलने बदलापूर, कल्याण करीत ठाण्याला जायचे आणि तिथून ट्रान्स हार्बरने पुन्हा दक्षिणेला यायचे, असा डोंगराला मोठा वळसा पडतो. ठाण्याच्या पुलावर मागून गर्दीचा लोंढा आला आणि अम्मींनी आमचा दंड घट्ट धरला. तीन दिवसांत त्यांनी एकदाही असा दंड धरला नव्हता. पाय का निघत नव्हता, ते आम्हाला त्या पुलावर समजले. आम्ही सोडून आलो होतो ती नुसती हवा नव्हती. वर सगळा गाव अम्मींच्या वेगाने चालत होता. खाली अम्मींनी सगळ्यांच्या वेगाने चालायचे होते.

प्रवासातले काम आटोपले की घरच्यांकडे लवकर परतावे, अशी आपल्याला शिकवण आहे. घरच्यांचा आपल्यावर हक्क असतो. तो हक्क चालण्याच्या वेगावरही असतो, एवढे आम्ही या सहलीतून शिकलो. आपल्या शहरातले रस्ते रुंद आहेत, पण पदपथावर गाड्या उभ्या असतात आणि सिग्नलचे सेकंद म्हाताऱ्या पायांसाठी मोजलेले नसतात. ते बदलण्यासाठी आमच्या सोसायटीच्या वतीने महापालिकेला अर्ज करणार आहोत. तोवर असरनंतर घरातले कोणीतरी एक जण अम्मींसोबत बागेपर्यंत जातो. जाताना रस्त्याच्या बाजूने आपण चालायचे, बोलत राहायचे आणि घड्याळ पाहायचे नाही, हे मुलांनी स्वतःच ठरवले आहे.

माथेरानला जाणाऱ्यांसाठी थोडेसे. शनिवार-रविवार टाळा. छोट्या गाडीच्या वेळा आधी विचारून घ्या. पावसाळ्यात नेरळहून ती बंद असते. शाल, टॉर्च आणि सुटे पैसे जवळ ठेवा. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडे वाटच पाहत असतात. आणि बेत ठरवताना घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला आधी विचारा. आमच्या अम्मींनी पुढच्या डिसेंबरच्या तारखा आताच सांगून ठेवल्या आहेत. इन्शाअल्लाह!