धुक्यातली तोडणी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. इटलीतल्या लांगेच्या टेकड्यांवर सकाळी इतकं धुकं, की पुढची ओळ दिसत नाही. इथल्या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. ‘नेब्बिया’ म्हणजे धुकं, त्यावरून पडलं म्हणतात. खरंखोटं धुक्यालाच ठाऊक.

नाशिकला या महिन्यात छाटणी, आणि मी इथे घड तोडतोय. तिकडे वर्षाला दोन छाटण्या. इथे एकच, कडाक्याच्या थंडीत, वेली झोपलेल्या असताना. फोनवर सांगितलं तर अण्णा म्हणाले, “मग वर्षभर करता काय रे तुम्ही?” या उतारावर एकदा क्रेट उचलून बघा म्हणावं!

या द्राक्षातून बारोलो वाइन व्हायला किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात. मजुरी मात्र शनिवारी मिळते.

कात्री धुतली. बोटं अजून चिकट आहेत.