दहावीच्या वर्षातही तालीम चालू ठेवा

वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गाच्या ताई-दादांनो,

जून उजाडला की तुमच्या वर्गात दरवर्षी एकच गोष्ट घडते. नववीपर्यंत नाटकात, फुटबॉलमध्ये, भित्तिपत्रकात रमलेली पोरं 'आता दहावी आहे' म्हणत एकेक करून गळायला लागतात. कुणाला घरचे काढून घेतात, कुणाला शाळेत दटावलं जातं. कधी कधी तर तुम्हीच वेळापत्रकातला नाटकाचा वार खोडून तिथे बीजगणित लिहिता. तो वार खोडू नका, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे.

तुमच्यावरचा ताण मला ठाऊक आहे. २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवी झाली की त्याचा हात सुटतो, आणि नेमकं तेव्हाच मुलाला कमाईला लावायचं की शिकवायचं, मुलीला बाहेर पाठवायचं की घरात ठेवायचं, हे प्रश्न घरात सुरू होतात. अशा वेळी पालक विचारतात, 'नाचून-गाऊन मार्क मिळतात का?' देणगीदारही निकालाची टक्केवारी मागतात. मग गणिताचा तास तेवढा 'काम' ठरतो आणि बाकी सगळं मुलं टिकून राहावीत म्हणून दिलेला खाऊ. माझं भांडण या समजुतीशी आहे.

एका तालमीत पाहिलेलं सांगतो. पाण्याच्या रांगेवरचं नाटक बसत होतं. भांडणाऱ्या बाईचं काम करणारी आठवीतली मुलगी वाक्यं नुसती पुटपुटत होती. 'मोठ्यानं बोल' हे दादानं चार वेळा सांगून झालं, फरक पडला नाही. शेवटी एका मुलानं कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलून तिच्या हातात दिला. हंडा कमरेवर बसला आणि तिचा आवाज फुटला. एवढ्यावर ती थांबली नाही. म्हणाली, 'दादा, आमच्याकडे रांगेत कुणी उभं राहत नाही. हंडे ठेवून नंबर लावतात आणि बायका सावलीला बसतात.' दादानं क्षणभर विचार केला आणि बसवलेला अख्खा प्रवेश मोडला. आता नाटक उघडलं की रंगमंचावर माणूस नाही, नुसती भांड्यांची रांग. मोठ्या माणसाची चूक सगळ्यांसमोर दाखवावी आणि त्यानं ती मान्य करावी, हा अनुभव या मुलीला शाळेत किंवा घरात कुठे मिळणार होता? वर्गात हात वर करून 'सर, ही पायरी कळली नाही' म्हणायला जे बळ लागतं, ते इथे येतं.

रत्नाकर मतकरींनी २०१४ साली ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. बालनाट्यात हयात गेलेल्या या माणसाला एखादी तयार संहिता पोरांकडून घोकून घेणं अवघड नव्हतं. त्यांनी वस्तीतल्या मुलामुलींनाच विषय शोधायला लावले, नाटुकली त्यांनीच रचायची आणि त्यांनीच उभी करायची. मे २०२०मध्ये मतकरी गेले, पण हा उपक्रम थांबला नाही, कारण तो मुलांच्या हातात होता.

नागपूरचंही तसंच. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. पुढे त्यावर 'झुंड' चित्रपट आला, तो तुम्ही पाहिलाच असेल. मला बारसेंच्या कामाची सुरुवातच फार मोलाची वाटते. खेळ मुलांचा आधीपासून चालू होता, बारसेंनी तो ओळखला आणि चेंडू दिला. आपण मात्र बरेचदा बाहेरून ठरवून आणतो. शनिवारी कंपनीची माणसं येतात, कागदाचे पक्षी करायला शिकवतात, फोटो काढतात आणि जातात. माणसं भली असतात, पण सोमवारी त्या पक्ष्यांचं पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. मुलं मोबाइलवर रॅप रचत असतील तर तिथून सुरू करा. मुली जिन्यात बसून मेंदीचे नमुने काढत असतील तर त्यातून भूमितीतल्या सममितीपर्यंत सहज जाता येतं.

मुलींसाठी वेगळा विचार करावाच लागेल. पाण्याची वेळ, स्वयंपाक, धाकटं भावंड, हे सगळं त्यांच्याच अंगावर असतं. तालीम पाण्याच्या वेळेला ठेवली तर ती मुलांचीच होऊन बसते. भावंडाला घेऊन यायला मोकळीक द्या, एक सतरंजी त्यांच्यासाठी टाका. आणि आयांना प्रयोगाच्या दिवशीच बोलावू नका, एखाद्या साध्या तालमीलाही बोलवा. मुलगी काय करते हे डोळ्यांनी पाहिलेली आई पुढे तिच्यासाठी घरात भांडते.

आता दहावीचं. रोजची तालीम मागू नका, आठवड्यातून एकदा दीड तास पुरे. मोठी भूमिका देऊ नका. प्रकाशयोजना, संगीत, नाहीतर सातवी-आठवीच्या पोरांना बसवायचं काम द्या. प्रिलिम जवळ आली की सुट्टी, आणि बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की परत या, हे आधीच ठरवून ठेवा. म्हणजे पालकांनाही सांगायला तुमच्याकडे काही असेल.

शेवटची विनंती तुमच्याबद्दलच आहे. राष्ट्र सेवा दलाची शाखा १९४१पासून चालत आली ती रोज संध्याकाळी मैदानावर हजर राहणाऱ्या, मुलांपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या शाखानायकांमुळे. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर पुढे आले. जे नट झाले नाहीत, त्यांनाही बोलायला, चारचौघांत उभं राहायला तिथेच कुणीतरी शिकवलं होतं. तुमच्यातले कित्येक जण समाजकार्याच्या फिल्डवर्कसाठी येतात आणि एप्रिलमध्ये निघून जातात. त्यात गैर काही नाही. पण कधी जाणार हे पहिल्याच महिन्यात मुलांना सांगा आणि तुमच्या जागी येणाऱ्या ताईला किंवा दादाला निदान दोन-तीन तालमी आधी वर्गात आणा. एकेका मुलाचं नाव घेऊन त्यांना ओळख करून द्या, कोण हंडा घेतं आणि कोण ढोलकी धरतं तेही सांगा.

तुमचा,
वस्तीतल्या नाटकांचा एक प्रेक्षक