गोळा काढला

थारच्या मागचा गोळा सहा वर्षं मी अभिमानानं मिरवला. अंजूरफाट्याच्या गर्दीत मागून कुणी दुचाकी घातली तर बंपर वाचेल, पावसात कुणाची गाडी रुतली तर ओढून काढता येईल, हा माझा हिशोब. 50 मिलिमीटरचा तो गोळा असतो ट्रॉलीचं तोंड अडकवण्यासाठी. माझ्याकडे ट्रॉली कधीच नव्हती.

बसवतानाही घाई केली. बोल्ट मारायचे तर भोकं पाडावी लागतील, गाडी दोन दिवस अडकेल, असं कारागीर म्हणाला. मीच म्हटलं, वेल्डिंग मार. त्यानं चेसीच्या मागच्या आडव्या पट्टीला प्लेट जोडून दिली. त्याच्याकडे बोट दाखवायला मला तोंड नाही.

2017 च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हा पुढचा बार मी लगेच उतरवला. धडकेचा जोर गाडीच्या दबणाऱ्या भागांनी पचवायचा असतो, बार तो सरळ चेसीत पोचवतो, हे मला पटलं होतं. गोळाही मागून तेच करतो, हे मात्र मी मनात येऊ दिलं नाही. गणपतीत शेजारचा मुलगा गाड्यांच्या मधून जाताना त्याची नडगी गोळ्यावर आपटून फुटली. तरीही गोळा तिथेच राहिला.

मग तो लावणीचा दिवस. वज्रेश्वरीच्या रस्त्याला खताच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो बांधाशेजारी आसापर्यंत रुतला होता. साखळी गोळ्याला अडकवली. हळूहळू ओढून टेम्पो हलेना, म्हणून गाडी दोन हात मागे घेतली, साखळी सैल झाली आणि मी जोरात झटका दिला. गोळा प्लेटसकट उपटला, साखळीबरोबर मागे गेला आणि टेम्पोची काच फोडून क्लीनरच्या सीटच्या पाठीत घुसला. क्लीनर मिनिटभरापूर्वीच चाकाखाली दगड सरकवायला उतरला होता.

संध्याकाळी प्लेट हातात घेऊन पाहिली. वेल्डिंगच्या तुटलेल्या कडेला बोटभर पट्टा ताज्या लोखंडाचा, चकचकीत. बाकी सगळी कड तांबूस, गंजलेली. म्हणजे चीर कधीची पडलेली होती आणि आत पाणी जात होतं. गतिरोधकावर मागून ‘खट्’ असा आवाज येई, तो मी कितीतरी महिने ऐकत होतो.

आमचे यंत्रमाग आहेत. ताण सारखा असला की साधं सूतही दिवसभर चालतं आणि झटका बसला की तुटतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ट्रॉली गोळ्यावर संथ भार टाकते, तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा खाली दाबतो आणि बाकीची नुसती ओढ. रुतलेली गाडी काढताना बसतो तो झटका. त्यासाठी गोळ्याची बारीक मान केलेलीच नसते. ऑस्ट्रेलियात असे उडालेले गोळे लागून माणसं दगावली आहेत, हे मी नंतर वाचलं.

आता नवा हूक चेसीच्या दोन्ही लांब दांड्यांना, आतून प्लेटा देऊन, बोल्टनं बसवला आहे. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं आहे ना, हे स्वतः पाहिलं. टॉर्क रेंचनं आवळले, 500 किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळले. मध्ये चौकोनी नळी आहे. ओढायचं असेल तेव्हाच तिच्यात शॅकलचा ठोकळा घालून पिन मारायची, काम झालं की काढून आत ठेवायचा. साखळी सोडली. ताण घेणारा नायलॉनचा जाड दोर घेतला. ओढताना त्यावर भिजलेलं गोणपाट टाकतो, म्हणजे दोर तुटला तर उसळी थोडी कमी होते. माणसांना मात्र दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करतो. गोळा पुन्हा लावलेला नाही.

एक गोष्ट राहिली होती. काचेचे पैसे देताना मी टेम्पोवाल्याला म्हणालो होतो, साखळीच्या झटक्यानं झालं, कुणाचा इलाज नव्हता. गेल्या महिन्यात पडघ्याला त्याच्या घरी गेलो आणि चिरेचं, त्या आवाजाचं, सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, बॅटरी घेतली आणि मला टेम्पोच्या मागे वाकायला लावलं. त्याच्या हुकाचंही वेल्डिंगच होतं. एका कोपऱ्यात केसाएवढी तांबूस रेघ दिसत होती.