नातवाचा श्वास ऐकताना

घोरणारे मूल गाढ झोपले आहे, असा आपल्याकडे जुना समज आहे. सर्दीच्या दिवसांत मूल दोन-चार रात्री घोरले, तर चिंतेचे कारण नसते. परंतु सर्दी नसतानाही ते आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल, श्वास मध्येच अडून धाप टाकत असेल, मान मागे टाकून तोंडाने श्वास घेत असेल, तर त्या झोपेकडे लक्ष द्यावे. साधारण 2 ते 8 वर्षे वयात नाकामागील ॲडेनॉइड व घशातील टॉन्सिल वाढून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. मग दिवसा चिडचिड व चंचलपणा वाढतो.

माझा पाच वर्षांचा नातू माझ्याजवळच निजतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच्या बोटाला रात्रभर नोंद ठेवणारे ऑक्सिमीटर लावले. आकडे उत्तम आले आणि घरची मंडळी निश्चिंत झाली. त्याच्या श्वासातले खंड मला मात्र ऐकू येतच होते. हे यंत्र प्राणवायू व नाडी एवढेच मोजते. प्राणवायू फारसा घसरण्याआधीच मूल अर्धवट जागे झाले, तर झोप मोडते, पण आकडा चांगलाच राहतो. म्हणून घरची नोंद बिघडलेली आली तर ती मोलाची. चांगली आली म्हणून शंका फिटत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननेही 2017 मध्ये मुलांच्या निदानासाठी घरगुती चाचणीची शिफारस केलेली नाही.

रुग्णालयातील स्लीप स्टडीत मेंदूच्या लहरी, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल व प्राणवायू यांची एकत्र नोंद होते. सुई टोचावी लागत नाही; नातवाची आई रात्रभर त्याच्या शेजारी होती. प्रौढांत दहा सेकंदांचा खंड मोजतात. मुलांत दोन श्वासांएवढाही पुरतो. प्रौढांत तासाला पाचांहून कमी खंड सामान्य मानतात. मुलांत एकाहून अधिक झाले तरी डॉक्टर दखल घेतात. नातवाचा अडथळा या चाचणीत स्पष्ट दिसला आणि टॉन्सिल-ॲडेनॉइडच्या शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

आजी-आजोबांनो, आपली झोप सावध असते. तिचा उपयोग करा. कोणत्या रात्री मूल घोरले, श्वास किती वेळा अडला, हे वहीत टिपा. मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. ओठ निळसर पडले, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.