किरायाचे घर : इतवारी ते खापरी

नागपूरच्या इतवारी भागातील परवारपुऱ्यात दिवसाची सुरुवात मंदिराच्या घंटेने होते. सराफा बाजारातील दुकाने अद्याप उघडलेली नसतात, आणि हाती तांदळाची डबी घेतलेल्या वृद्ध श्राविका अरुंद गल्लीतून दर्शनाला निघालेल्या असतात. परवार समाजाचे मूळ बुंदेलखंडात. त्या समाजाचे नाव या पुऱ्याने धारण केले आहे. इतवारीत असे अनेक पुरे आणि ओळी आहेत. कोणी व्यापारासाठी आले, कोणी भोसल्यांच्या राज्यात आश्रयासाठी आले, आणि येथलेच झाले. परमुलखात गेलेल्या कुटुंबाचे पहिले घर बहुधा दुसऱ्याचेच असते. ही गोष्ट दोन-तीन पिढ्यांनंतर सहज विसरली जाते.

पुण्या-मुंबईकडे ज्याला भाडे म्हणतात, त्याला नागपुरात किराया म्हणतात. तेथला भाडेकरू येथे किरायदार होतो. इतवारी-महालातील जुन्या वाड्यांमध्ये हा किरायदार एक-दोन खोल्यांत संसार मांडून वर्षानुवर्षे राहत असे. चौकातील विहीर समाईक, नळ समाईक, पापड-कुरडया वाळवण्याची गच्चीही समाईक. मालकाच्या घरी मंगलकार्य निघाले की किरायदारांच्या घरांतील स्त्रिया न बोलावता कामाला लागत, आणि किरायदाराच्या घरात कोणी आजारी पडले की मालकीणबाई पथ्याचे जेवण पाठवीत.

या गोड चित्राला दुसरी बाजूही होती. १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण यांसंबंधीचा आदेश लागू झाला. या आदेशानुसार भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्यावाचून मालकाला किरायदारास घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. परवानगी मिळाल्यावर पुन्हा दिवाणी न्यायालयाची पायरी असेच. वाजवी किराया ठरविण्याचा अधिकारही नियंत्रकाकडे होता. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरही विदर्भात हाच आदेश जवळजवळ चाळीस वर्षे चालू राहिला. निराधार किरायदाराला त्याने छप्पर टिकवून दिले, हे त्याचे मोठे पुण्य. परंतु किराया नाममात्र राहिला, तशी मालकाने दुरुस्ती सोडली. भिंती खचल्या, खटले पुढच्या पिढीकडे वारशाने गेले. एकाच चौकात राहणारी दोन कुटुंबे न्यायालयाच्या व्हरांड्यात परस्परांकडे पाठ करून बसू लागली. अखेर ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि जुना आदेश संपला. तोवर नागपूरची वस्ती इतवारीच्या वेशीबाहेर फार दूर गेली होती.

ती कोठवर गेली हे पाहायचे असेल, तर अग्रसेन चौकात मेट्रोत बसावे. दोसर वैश्य चौक, रेल्वे स्थानक, कॉटन मार्केट अशी स्थानके मागे पडतात. याच परिसरात गांधीसागर तलावाजवळ जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आणि बहुमजली घरे उभी आहेत. सीताबर्डीला गाडी बदलली की काँग्रेसनगर, अजनी, छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, विमानतळ असे करीत मार्ग खापरीला पोहोचतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे आणि मिहानमधील एम्सचे लोकार्पण एकाच दिवशी झाले. शहराचे वजन कोणत्या बाजूला कलले आहे, हे त्या दिवसाने जणू लिहूनच ठेवले. चौदा-पंधरा किलोमीटरच्या या प्रवासात वाड्यांची कौले संपतात, नागपूर सुधार प्रन्यासाच्या ले-आउटमधील टुमदार बंगले लागतात, आणि शेवटी वर्धा मार्गाच्या दोन्ही अंगांना क्षितिजावर निवासी संकुलांच्या इमारती दिसू लागतात.

नागपूरकर अशा संकुलाला ‘स्कीम’ म्हणतात. ‘कोणत्या स्कीममध्ये राहता?’ हा प्रश्न येथे गावाचे नाव विचारावे तितक्या सहजपणे विचारला जातो. फाटकावर सुरक्षारक्षकाची चौकी असते आणि चौकीत एक नोंदवही. नवा चेहरा दिसला की रक्षक अदबीने विचारतो, “भाऊ, मालक का किरायदार?” त्याच्या मनात काही नसते, त्याला नोंदवहीचा रकाना भरायचा असतो. तरीही सामानाचा ट्रक मागे उभा असताना, घामाने डबडबलेल्या चेहऱ्याने ‘किरायदार’ असे उत्तर देणाऱ्याला आपण आत कोणत्या दाराने चाललो आहोत हे त्या क्षणी कळते.

कारंजा, वाशीम किंवा अमरावतीकडून आलेले एखादे तरुण जैन कुटुंब येथे डोळ्यांसमोर आणावे. नवरा मिहानमधील कंपनीत, पत्नी एखाद्या शाळेत, लेकरू बालवर्गात. घर शोधताना त्यांच्यापुढे दोन अंतरे असतात : मंदिर किती दूर आणि कचेरी किती दूर. हिवाळ्यात नागपुरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम सांभाळायचा असेल, तर कचेरीतून सुटून इतवारी गाठण्याइतका अवधी मिळणारच नाही. म्हणून घर खापरीच्या बाजूला घेतले जाते. संध्याकाळचा डबा सकाळीच भरला जातो, आणि मंदिराची वाट रविवारवर येते.

बदलीवर येणाऱ्यांचे नागपूरला नवल नाही. १८६१ पासून हे शहर मध्य प्रांताची राजधानी होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा राजधानीचा मान गेला आणि असंख्य कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे भोपाळ-मुंबईकडे हलली. रेल्वे, कोळसा कंपनी, रिझर्व्ह बँक, आयकर अकादमी यांच्यामुळे ये-जा पुढेही चालूच राहिली. अशा शहराला परक्याचे स्वागत शिकवावे लागू नये. तरीही एकट्या राहणाऱ्या परिचारिकेला किंवा तीन-चार तरुण अभियंत्यांना घर मिळणे आजही सोपे नाही. ‘फॅमिली हवी’ हे दोन शब्द दूरध्वनीवर ऐकून त्यांचा अर्धा रविवार संपतो.

येथे आहाराचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या समाजातील अनेक मालकांची इच्छा असते की घरात शाकाहारीच राहावेत. ज्या स्वयंपाकघरात आपल्या आईने पाणी गाळून स्वयंपाक केला, त्या ओट्याविषयी मन हळवे असणे समजण्यासारखे आहे. पण ती अपेक्षा पहिल्याच भेटीत, स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगावी. आडनाव ऐकून ‘घर गेलं’ असे खोटे सांगणे निराळे. सत्याचे व्रत मोठ्या प्रसंगांत पाळणे एक वेळ सोपे, दूरध्वनीवरच्या लहान वाक्यात ते कठीण जाते. उलट बाजूने, आपलेच कुटुंब मिश्र वस्तीच्या संकुलात किरायाने राहू लागले की शेजारच्या स्वयंपाकाच्या वासासकट शेजार स्वीकारायला त्यालाही शिकावे लागते.

नागपुरातील घराची खरी परीक्षा मे महिन्यात होते. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत पाहिलेला सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मोकळा, हवेशीर आणि किरायाने थोडा स्वस्तही वाटतो. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की त्या स्वस्ताईचे कारण छतातून खाली उतरते. मग कूलर कोठे बसवायचा हा प्रश्न उभा राहतो. खिडकीला लोखंडी स्टँड लावावा, तर इमारतीचे दर्शनी रूप बिघडते म्हणून समितीची हरकत. गॅलरीत ठेवावा, तर पाणी खालच्या मजल्यावर ठिबकते म्हणून शेजाऱ्यांची तक्रार. महापालिकेच्या नळाचे पाणी जेथे पोहोचलेले नाही, तेथे कूपनलिका आणि टँकर यांवर उन्हाळा निघतो आणि देखभाल खर्चाचा आकडा वर चढतो. जाणता नागपूरकर म्हणूनच सांगतो की घर पाहायचे तर उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता पाहावे.

कूलरविषयी, टँकरविषयी, वाहनतळाविषयी निर्णय घेणारी सभा संकुलाच्या सभागृहात भरते. तेथे किरायदाराला खुर्ची नसते. नागपुरातील पुष्कळ संकुले सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली चालतात. या कायद्याप्रमाणे संकुलाचे उपविधी मालकाइतकेच त्याच्या किरायदारावरही बंधनकारक आहेत. मत मात्र मालकाचेच. सहकारी संस्था असेल तर मालकाने स्वतः न राहिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क आकारले जाते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. ते मालकाचे देणे असले तरी बोलाचालीत किरायदाराच्या माथी येते. अशा रीतीने तो नियम पाळतो, खर्चाचा भार उचलतो, आणि निर्णय झाल्यावर लिफ्टमध्ये चिकटवलेल्या कागदावरून जाणून घेतो.

कराराच्या बाबतीत तर आणखी एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ असे दलाल सांगतो आणि सुशिक्षित माणसेही मान डोलावतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावेत, या १९०८ च्या नोंदणी अधिनियमातील तरतुदीतून ही समजूत निघाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ स्पष्ट आहे : करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, किरायदार सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. उलट, करार नीट झालेला असेल तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

यासाठी खर्च तरी किती? मासिक किराया १५,००० रुपये, परत मिळणारी अनामत ३०,००० रुपये आणि मुदत अकरा महिने धरली, तर एकूण किरायावर आणि अनामतीच्या दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. ते सव्वाचारशे रुपयांच्या आसपास होते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये. अंगठ्याचा ठसा देऊन हे काम आता ऑनलाइन होते. दोन्ही कुटुंबांची झोप शाबूत ठेवणारा यापेक्षा स्वस्त व्यवहार शोधून सापडणार नाही.

करार जेथे थांबतो तेथे रीत सुरू होते, आणि तिची कसोटी घर सोडण्याच्या दिवशी लागते. अकरा महिने वाढत वाढत तीन वर्षे झालेली असतात. लेकराने शाळेच्या वहीवर याच स्कीमचा पत्ता लिहिलेला असतो. समोरच्या फ्लॅटमधील काकूंकडे या घराची दुसरी किल्ली ठेवलेली असते, आणि पर्युषणात काकूंनी कांदा-लसणाविना केलेली भाजी आठवणीने पाठवलेली असते. मग मालकाचा मुलगा पुण्याहून परत येतो आणि घर रिकामे करावे लागते. यात कोणाचाही दोष नसतो.

त्या दिवशी मालकाने काय करावे? बँकेच्या ताळेबंदात ग्राहकाची ठेव ही देयतेच्या बाजूला लिहिलेली असते. ती बँकेजवळ असते, पण बँकेची नसते. किरायदाराची अनामतही तशीच ठेव आहे. भिंतीवरील खिळ्यांची भोके, रंगाचा खर्च, नळाची तोटी असे मोघम हिशेब पुढे करून तिला हळूहळू कात्री लावणे हे अस्तेय व्रताच्या कक्षेबाहेरचे आहे असे समजू नये. खरोखर नुकसान झाले असेल तर त्याची पावती दाखवावी, उरलेली रक्कम त्याच दिवशी खात्यात जमा करावी. किरायदारानेही विजेचे शेवटचे बिल भरून, घर झाडून, ओटा धुऊन किल्ली द्यावी.

ट्रक फाटकाशी येतो. रक्षक नोंदवहीत वेळ लिहितो. या वेळी तो ‘मालक का किरायदार’ असे विचारत नाही, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून “आता कुठं निघालात, भाऊ?” एवढेच विचारतो. काकू खाली येऊन वाटेसाठी डबा देतात आणि आठवण करून देतात की सूर्य मावळायच्या आत खाऊन घ्या. पलीकडे खापरीच्या स्थानकातून मेट्रो सीताबर्डीकडे निघते. तिच्यात कोणी इतवारीच्या मंदिरात दर्शनाला चाललेले असते, तर कोणी हातात पत्त्याचा कागद घेऊन, किरायाचे घर पाहायला.