छतापासून टीव्हीपर्यंत

मोटरहोमच्या भिंतीतून नवी वायर नेणं जवळजवळ अशक्यच. दोन पातळ थरांमध्ये फोम चिकटवलेला, आत पोकळी म्हणून नाहीच. तेव्हा छतावरच्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत आडवाटा शोधायच्या: फ्रिजमागची हवेची वाट, वरच्या कपाटांची पाठ, बाकाखालचे कप्पे. निवृत्तीनंतर इथे अमेरिकेत आम्ही दोघांनी घेतलेली ही गाडी अॅनालॉगच्या काळातली. आतली केबल बारीक तारेची, आरजी-59; तीच बदलायला काढली. इथली मोठी केंद्रं 12 जून 2009 ला डिजिटल झाली. पूर्वी सिग्नल दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी माणसं ओळखू यायची. आता चित्र शेवटपर्यंत लख्ख, आणि मग एकदम चौकोन होऊन गोठतं. मला मुंग्याच बऱ्या वाटतात.

टीव्हीची वायर मी पहिल्यांदा पाहिली ती गिरगावातल्या चाळीत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. आमच्या मजल्यावर टीव्ही यायला आणखी काही वर्षं गेली. वायर चपटी, दोन कडांना दोन तारा. मुंबईचं केंद्र चॅनेल 4 वर. त्याची लहर पाच मीटरच्या आसपास, म्हणून अँटेनाची नळी माणसाहून लांब. तिच्यावर कावळे बसले की ती फिरायची. मग एक पोरगा गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपाशी.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"होतं ते पण गेलं!"

'छायागीत'ला त्या वायरच्या खालच्या टोकाशी अख्खा मजला जमायचा. ज्यांच्या घरी टीव्ही, त्या काकूंना त्या वेळी जेवायचीही सोय नसे.

नव्वदच्या दशकात काळी गोल केबल आली. केबलवाला ती या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकायचा, रस्ता ओलांडून, झाडांमधून. पैसे न्यायला आला की कुणाकडे काय चाललंय तेही सांगून जायचा. घरोघरी टीव्ही झाले आणि मजला जमायचा थांबला. तरी वायर अजून सगळ्यांची होती. कुणी मध्येच जॉइंट मारला की आमचं चित्र थरथरायचं आणि भांडायला का होईना, शेजारी जावं लागायचं.

या गाडीतली वायर मात्र गाडीतच सुरू होते, गाडीतच संपते.

जुन्या केबलच्या टोकाला नवी आरजी-6 टेपने बांधली आणि परकरात नाडी ओवतात तशी ओढत आणली. फ्रिजच्या बाजूने बायको सोडत होती, मी टीव्हीमागून खेचत होतो. वळणावर घाई चालत नाही. आतला फोम चेपला की काही लहर तिथूनच उलटी फिरते. याच तारेतून बूस्टरचे 12 व्होल्ट वर अँटेनाकडे जातात आणि चित्र खाली येतं, ही गोष्ट मला अजूनही कौतुकाची वाटते. मध्ये साधा स्प्लिटर घुसवला तर बूस्टर उपाशी राहू शकतो, म्हणून फाटे फोडायचे ते बूस्टरच्या बटणापुढे, टीव्हीच्या बाजूला.

"मोबाइलवर सगळं दिसतं की," बायको म्हणाली. दिसतं. तरी एक फाटा मी बाहेरच्या कप्प्यात काढलाच. कनात उघडली की तिथे छोटा टीव्ही लावता येतो. आयोवातल्या एका कॅम्पग्राउंडवर बेसबॉल लावला, तर शेजारच्या गाडीतले आजोबा घडीची खुर्ची घेऊन न विचारता येऊन बसले. बेसबॉल मला कळत नाही. त्यांनी शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जाताना म्हणाले, त्यांच्याही गाडीतली केबल बदलायची आहे, उद्या सकाळी वेळ आहे का?